ढवळ्याचा कासरा

माझ्या सासऱ्यांनी मला आयुष्यात पहिली हाक मारली ती "काय बे" अशी. लग्नाला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती आणि तोवर आम्हा दोघांत एक शब्द झाला नव्हता. भांडण नव्हतं, रीत होती. सासरे ओसरीवर आले की सुनेनं पदर पुढे ओढून आत सरकायचं. पाण्याचा तांब्या द्यायचा तर तो उंबऱ्यावर ठेवून बांगड्या वाजवायच्या. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगत, "म्हणा आज दळण लवकर टाका." मग ते भिंतीकडून सासूबाईंकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे येई. मी त्यांना मामाजी म्हणायची, पण तेही दुसऱ्यांशी बोलताना. मामाजी दिसायला कसे आहेत असं कोणी विचारलं असतं, तर मला त्यांच्या टाचांचंच काय ते वर्णन करता आलं असतं.

माझं माहेर डोणगावचं, मेहकरकडलं. दिलं मात्र जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझ्या बोलण्याला सासरची माणसं हसत आणि मी त्यांच्या. मी सातवी शिकलेली आणि तोंडानं तिखट. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाडच नाही, सासरी कसं व्हायचं हिचं. सासरी काही वाईट झालं नाही. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. माणसं चारच: मामाजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, माझे यजमान आणि मी.

मामाजी म्हणजे एकेकाळी कपाशीनं भरलेली बंडी जुंपून मलकापूरच्या बाजारात जाणारा गडी. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. त्या मलकापूरच्या फेऱ्यांचा त्यांना फार अभिमान. आगगाडी पाहून आलेला माणूस म्हणून गावात मान होता. असा माणूस हळूहळू विसरायला लागला. सुरुवात नेमकी कधी झाली ते घरात कोणालाच सांगता यायचं नाही. आधी पागोटं कुठं ठेवलं ते विसरले. ते काय, सगळेच विसरतात. मग जेवल्याचं विसरले. मग नणंद माहेरपणाला आली तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाले, "पोरगी कोणाची हाये, लय गुणाची दिसते." ती बिचारी चुलीपुढे बसून धुराच्या नावाखाली रडली. गावानं आपलं निदान करून टाकलं: साठी बुद्धी नाठी. आता डॉक्टर लोक याला मोठं नाव देतात. तेव्हा नाव नव्हतं. माणूस होता आणि त्याचा अख्खा दिवस होता.

त्या दिवसाचं आम्ही काय केलं? तर त्यातलं सगळं काम काढून घेतलं. आमच्या लोकांत बापाच्या हाताला म्हातारपणी काम दिसलं की लेकाची नाचक्की होते. लोक म्हणतात, पाहा, बुढ्याले राबवून राह्यला. म्हणून यांनी ओसरीवर बाज टाकून दिली, वर नवी गोधडी अंथरली आणि सांगितलं, "बाबा, आता तुमी काईच करू नोका. लय केलं. आता फकस्त बसा." येणारा-जाणारा म्हणे, काय भाग्यवान बाप आहे, लेक बसून खाऊ घालतो. भाग्यवान बाप दिवसभर त्या गोधडीचे टाके उसवत बसे. संध्याकाळी मी गोधडी शिवायची, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उसवायचे. हातांना काही तरी हवंच असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मग ते उठून जायला लागले. कुठं, तर मलकापूरला. डोळ्याला डोळा लागायचा अवकाश, की बाज रिकामी. कधी मारुतीच्या पाराजवळ सापडत, कधी शिवारात. आणि श्रावणात एका दुपारी ते नाल्याच्या काठावर सापडले. नाल्याला पूर आलेला. हे अनवाणी काठावर उभे, आणि पाण्याला म्हणताहेत, "बाजूले सरक ना बाप्पा, मले उशीर होऊन राह्यला." एका बाईनं पाहिलं आणि हाका मारल्या म्हणून बरं. यांनी बापाला खांद्यावर घालून घरी आणलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे सुताराकडे जाऊन आले. ओसरीलगत एक खोली होती, तिला बाहेरून कडी बसवायची असं ठरलं. सुतार म्हणाला, औतांची कामं उरकू द्या, पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची कर झाली की सकाळीच येतो. आत्याबाई पदरात तोंड घालून रडल्या आणि मग म्हणाल्या, "पुरात वाहून जाण्यापरीस कोंडलेला बरा. जित्ता तं राह्यील." मी म्हणाले, "जनावरालेबी दिवसातून एक डाव सोडतात." हे म्हणाले, "मंग तू पाह्यजो त्याइच्याकडे. पोळ्यालोक. पाह्यू किती दिवस पुरतं तुहं तोंड."

असं ते काम माझ्या गळ्यात पडलं. पोळ्यापर्यंत मामाजींना घरात ठेवायचं, आणि पोळा झाला की कडी.

पहिले दिवस आत्याबाईंनी मदत केली. त्यांनी सुपात तुरीची डाळ घेतली, मूठभर खडे मिसळले आणि सूप मामाजींपुढे ठेवलं. मामाजींनी मन लावून डाळ निवडली. आम्हाला वाटलं, झालं, उपाय सापडला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्याच डाळीत तेच खडे पुन्हा कालवले. निवडली. तिसऱ्या दिवशी मामाजींनी सुपात हात घातला, डाळ खालीवर केली, आणि सूप उचलून सरळ अंगणात भिरकावलं. "हे तं कालचंच हाये! मले येडा समजता का बे?" सकाळी भाकर खाल्लेली ज्यांना दुपारी आठवत नव्हती, त्यांना कालची डाळ ओळखू आली. कोंबड्यांची चंगळ झाली. आत्याबाई माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्यानंतर एका सकाळी विहिरीच्या पोहऱ्याचा दोर तुटला. हे शेतात डवरणीला, पिकातलं तण काढायला गेलेले. बाजारचा दोर आणायचा तर आठवडी बाजार दूर. मला आठवलं, कोठ्यात, म्हणजे आमच्या गुरांच्या गोठ्यात, आढ्याला अंबाडीच्या वाखाच्या जुड्या टांगलेल्या आहेत. आमच्याकडे कपाशीच्या कडेनं अंबाडी लावत. पाल्याची भाजी व्हायची, आणि काड्या पाण्यात कुजवून सोलल्या की साल निघते, तो वाख. त्याचे दोर. मामाजींनी काम सोडल्यापासून त्या जुड्यांना कोणी हात लावला नव्हता. मी एक जुडी काढली, अंगणात बसले, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि वळायला लागले. माहेरी वडील वळत तेव्हा पाहिलेलं होतं. पाहिलेलं आणि आलेलं यात किती अंतर असतं ते कळलं. एकीकडे जाड, एकीकडे बारीक, मध्ये कुसं उभी राहिलेली.

ओसरीवर मामाजी होते. मी अर्धी पाठ करून बसले होते, पदर पुढे होता, रीत चालू होती. इतक्यात मागून आवाज आला.

"काय बे! दोर वळून राह्यला का पोट्टीची येणी घालून राह्यला?"

मी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात माझ्याशिवाय कोणी पुरुष सोडा, कोंबडाही नव्हता. मामाजी माझ्या हातांकडे बघत होते. माझ्याकडे नव्हेच, हातांकडे आणि त्यातल्या त्या शेंडीकडे. चेहऱ्यावर असा वैताग की विचारू नका. मला आतून हसू फुटत होतं. सून म्हणून मी उठून आत जायला हवं होतं. पण त्यांनी सुनेला हाक मारलीच नव्हती. मी म्हणाले, "मंग तुमी दाखवा ना."

हे माझे त्यांच्याशी पहिले शब्द.

ते ओसरीवरून उतरले. समोर उकिडवे बसले, माझ्या हातातलं ते बेणं हिसकावून घेतलं आणि उलटा पीळ देऊन सगळं सोडवून टाकलं. वाख ओला केला, दगडावर आपटला, बोटांनी विंचरला. ज्या हातांना सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती, ते हात असे चालायला लागले की त्यांना कुणाला काही विचारायची गरजच नव्हती. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं बसून वाख सोडत जायचं, दुसऱ्यानं समोरून पीळ देत मागे मागे सरकायचं. त्यांनी टोक माझ्या हातात दिलं. "धर. ढिला सोडू नोको." मी पदर कमरेला खोचला आणि मागे सरकायला लागले. डोक्यावरचा पदर कधी खाली आला ते कळलं नाही.

आत्याबाई पाणी घेऊन आल्या आणि दारातच थिजल्या. सून आणि सासरा समोरासमोर, मध्ये दोर, सुनेचं डोकं उघडं, आणि सासरा म्हणतोय, "ओढ ना बे, जेवला नाई का?" त्यांच्या हातातली कळशी तिरकी होऊन पाणी सांडत होतं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. त्या मला आत घेऊन गेल्या, कळशी टेकवली आणि मला बसवलं. मग म्हणाल्या, "त्याइचा एक धाकटा भाऊ व्हता. मी लग्न होऊन आली तवा दोघंच वळत दोर. पटकीत गेला तो." त्यांनी बाहेर डोकावून पाहिलं. आणि मग, "त्याइले तू सून दिसतच नाई, माय. मंग लाज कोणी धराची? जाय, बस जाऊन. वाट पाहून राह्यले."

असं मला सासरी दिराचं पद मिळालं.

रोज सकाळी झाडलोट झाली की आम्ही बसायचो. गल्लीत चर्चा झालीच. शेजारची एक काकी मुद्दाम अंगणात येऊन म्हणाली, "लोकाईच्या सुना सासऱ्याची सावली पडली तं बाजूले होतात, हे पाहा आक्रीत!" मी म्हणाले, "काकी, तुमाले येते का दोर वळता? येत असंल तं बसा, मी पदर घेऊन आत जातो." काकी गेली. यांनाही पहिल्या दिवशी लाज वाटली. जेवताना म्हणाले, "लोक काय म्हणतीन?" मी विचारलं, "बाबा आज कोठी गेले का?" यांनी आणखी एक भाकर मागितली.

कारण मामाजी कुठंही जात नव्हते. मलकापूरचं नावसुद्धा काढत नव्हते. दुपारी जेवत आणि चक्क झोपत.

पण एक गोष्ट मला पहिल्या दोन-तीन दिवसांत कळली. रोज वाख हातात घेतला की ते विचारत, "हा कासरा कोणाचा?" कासरा म्हणजे बैल धरायचा लांब दोर. मी सांगायची, "आपल्या ढवळ्याचा." मग ते मान हलवत आणि कामाला लागत. मध्येच पुन्हा विचारत, पुन्हा मी तेच सांगायची. एकदा चुलीवर दूध होतं, लक्ष तिकडे, मी म्हणून गेले, "असाच, वळा हो." त्यांनी हातातला वाख खाली ठेवला. बाजेवर जाऊन बसले आणि गोधडीच्या टाक्यांना हात घातला. मी दूध उतरवून धावत आले आणि त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "ढवळ्याचा हाये. त्याचा जुना कासरा कुजला. पोळा आला. बिनकासऱ्याचा बैल पोळ्यात कसा न्यावा?" तेव्हा ते उठले. आणि मी काही खोटं बोलले नव्हते. ढवळ्याचा कासरा खरंच कुजला होता. खोटं असतं तर ते त्यांनी डाळीसारखं ओळखलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

ढवळा हा आमचा थोरला बैल. मामाजींनीच लहानपणापासून वाढवलेला. आता थकला होता, जुंपायला फारसा उपयोग नव्हता, पण विकायचं नाव घरात कोणी काढत नसे.

ते दिवस फार चांगले गेले. मी खरंच सांगते, सासरच्या सगळ्या वर्षांत मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. आत्याबाई भाजी निवडायला आमच्याजवळच येऊन बसू लागल्या. मामाजी मला भाऊ समजून काय काय सांगत. एकदा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "घरी सांगू नोको बे. तुह्या वयनीसाठी बांगड्या आणल्या मलकापूरहून. गव्हाणीमांगं लपवल्या. माय पाह्यीन तं बोलंन." वहिनी समोरच भाजी निवडत बसलेली. म्हातारीचा चेहरा असा काही झाला! त्या बांगड्या कधीच भरून, कधीच फुटून गेल्या होत्या. मी विचारलं, "वयनी कशी हाये, भाऊ?" मामाजी पीळ देत म्हणाले, "तोंडाची तिखट हाये. पन मले आवडते." आत्याबाई उठून आत गेल्या. आत जाऊन पाहिलं तर हसताहेत आणि डोळे पुसताहेत, दोन्ही एकदम. मला म्हणाल्या, "जलमात कधी बोलला नाई असं. भावाले सांगत व्हता, मले नाई."

पोळा जवळ आला तोवर दोन्ही बैलांचे कासरे, वेसणी, म्होरक्या असं सगळं झालं होतं. शेजारच्या एकानं आपल्या गोऱ्ह्यासाठी दावं मागितलं, तेही वळून झालं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं. यांनी लोण्याची वाटी पुढे केली तशी मामाजींनी ती घेतली. ढवळ्याचे खांदे चोळले, सावकाश, एकेक घट्टा हातानं चाचपत. मग त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शब्द न चुकता. हे बाजूला उभे होते. मला वाटलं, आता यांचं मन वळेल.

पण यांचं मन भलतीकडेच वळलेलं. रात्री जेवताना म्हणाले, "उद्या बाबा घरीच. पोळ्यात गर्दी असते, डफडे वाजतात, बैल बिथरतात. कोण पाह्यील त्याइले?"

माझं डोकंच फिरलं. "इतके दिवस त्याइनं हाताची सालटी काढली. त्याइच्या हातचे कासरे गावभर मिरवतीन आन् ते घरात बसतीन? मंग कडी आजच लावा ना, सुताराची वाट काऊन पाहता?" यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं होतं आत्याबाई रागावतील. त्या म्हणाल्या, "नेय रे त्याले. हात धरून नेय. तुले पह्यल्यांदा पोळ्यात त्यानंच नेलं व्हतं, खांद्यावर."

सकाळी यांनी स्वतः बापाला आंघोळ घातली, धोतर नेसवलं, पागोटं बांधून दिलं. तिसऱ्या प्रहरी निघाले: दोन सजवलेले बैल, एक बाप, आणि हे मध्ये. मला यांची थोडी दयाच आली. निघताना म्हणाले, "काई झालं तं तू जिम्मेदार."

पोळ्याच्या जागी बायका जात नाहीत. आम्ही घरी पुरणाचा स्वयंपाक करून, ओवाळणीचं ताट तयार ठेवून बैलांची वाट बघायची. वेशीवर तोरण बांधलेलं असतं, खाली सगळ्या गावाचे बैल उभे राहतात, पूजा होते, आणि तोरण तुटलं की बैल घराकडे निघतात. डफड्यांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. मग एकदम मोठा गलका झाला. तोरण तुटलं असावं. मी निरांजन लावलं.

हे आले. एकटे. म्हणजे धाकटा बैल होता संगं, पण ढवळा नाही आणि मामाजी नाहीत. यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "तोरण तुटलं, बैल उधळले. याले आवराले गेलो, मांगं पाह्यलं तं कोणी नाई." एवढं सांगून हे पळत सुटले. गल्लीतली माणसं निरनिराळ्या दिशांना धावली. कोणी नाल्याकडे, कोणी विहिरीकडे, कोणी जळगावच्या रस्त्याला. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या, मारुतीचं नाव घेत. मी ताट धरून उभी होते, कारण ते खाली ठेवायचं मला सुचलंच नाही. यांचं बोलणं कानात वाजत होतं. माझ्या तोंडानं मी हे करून बसले होते. आता कडी लागणार आणि मला काही बोलायला जागा राहणार नव्हती. आणि कडी लागली तर बरंच म्हणायचं, निदान कडीआड ठेवायला माणूस तरी परत आलेला असेल, इथपर्यंत मी आले होते.

उजेड कमी होत आला. हे रिकाम्या हातानं परत आले आणि अंगणात नुसते उभे राहिले. दोन-चार माणसं कंदील मागायला आलेली. तेवढ्यात मागच्या बाजूनं, शेताच्या पाऊलवाटेनं, घुंगरं वाजली.

पुढे ढवळा. रंगवलेली शिंगं, झूल एका बाजूला घसरलेली, सवयीची चाल. ती वाट पाण्याच्या डोणीवरून येते. बहुतेक रोजच्यासारखं पाणी पिऊनच आला असावा. मागे कासऱ्याचं टोक हातात घट्ट धरून मामाजी. कासरा ढिला होता. कोण कोणाला आणतंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ढवळा अंगणात येऊन आपल्या जागी थांबला, तसे मामाजीही थांबले.

कोणी तरी म्हणालं, "बैलानं आणलं हो बुढ्याले!" दुसरा हसला. मामाजींनी सगळ्यांकडे रागानं पाहिलं.

"कोणी सोडलं याले एकटं?" ते गरजले. "म्हातारा झाला तो! घर भुलते आता. असं मोकळं सोडता का बे कोणी?" आणि ढवळ्याच्या मानेवर हात फिरवत म्हणाले, "मी व्हतो म्हणून आला."

हसणारा मागे सरकला. मी पुढे होऊन ढवळ्याच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मग काय वाटलं कोण जाणे, ताट मामाजींकडे वळवलं आणि त्यांनाही ओवाळलं. ते शांत उभे राहिले. लोक कंदील न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी कर. हे दिवसभर कोठ्यात जाऊन ढवळ्याजवळ बसत, परत येत. मी काही विचारलं नाही. मलाही कधी कधी गप्प बसता येतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला, बोलल्याप्रमाणे. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात लोखंडी कडी. मी चुलीपाशी होते, पण सगळं दिसत होतं. यांनी सुताराला "बस" म्हटलं आणि हे कोठ्यात गेले. ढवळ्याला सोडून अंगणात आणलं. मामाजी बाजेवर बसलेले होते. हे त्यांच्यासमोर गेले, कासऱ्याचं टोक त्यांच्या हातात दिलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "बाबा, याले चारून आणता का? एकटा पाठवाची हिंमत होत नाई मले. वाट भुलते तो."

मामाजी उठले. कासरा दोनदा हाताला गुंडाळला. लेकाकडे पाहिलं, ओळखलं की नाही ते देव जाणे. पण त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू काऊन भेतं?" ते म्हणाले. "मी हाय ना त्याच्या संगं."